हाताखाली

 

आपल्या या परिषदेच्या निमंत्रण पत्रिकेवर विषय छापला आहे 'मेंटॉरिंग'. हा शब्द मराठीत तसाच राहिला, कारण त्याचे पर्याय कुणालाच धड वाटले नाहीत. 'मार्गदर्शक' म्हटलं की परीक्षेच्या आदल्या रात्री चाळायचं स्वस्त पुस्तक डोळ्यांपुढे येतं. 'गुरू' म्हटलं की वाकून नमस्कार करावा लागतो, आणि एकदा वाकल्यावर प्रश्न विचारणं जमत नाही. मूळ ग्रीक गोष्टीतही हा मेंटॉर काही फार कर्तबगार नव्हता. ओडिसियस युद्धावर जाताना घर त्याच्यावर सोपवून गेला, आणि घर परक्यांनी बसून खाल्लं. त्याच्या मुलाला वेळेवर सल्ला मिळाला तो मेंटॉरचं रूप घेऊन आलेल्या अथीना देवीकडून. कागदावर नेमलेला एक आणि प्रत्यक्ष काम करणारी दुसरीच, ही आपल्या वॉर्डांतली रीत इतकी जुनी आहे! आपल्याकडे संज्ञा नसली तरी वाक्प्रचार मात्र आहे. चांगली परिचारिका दिसली की आपण विचारतो, 'ही कुणाच्या हाताखाली तयार झाली?' या 'हाताखाली'चे दोन अर्थ आहेत. एक शिकण्याचा: कुणाच्या तरी हाताखाली आपला हात तयार होतो. दुसरा हुकमाचा: हाताखालची माणसं, म्हणजे ज्यांना कामं सांगायची, ज्यांची रजा अडवायची, ज्यांचा गोपनीय अहवाल लिहायचा. परिचर्येच्या व्यवसायाने हे दोन अर्थ एकाच व्यक्तीच्या पदरात बांधले, आणि मेंटॉरिंगबद्दलची आपली बहुतेक दुखणी त्या गाठीतून आली आहेत, असं माझं म्हणणं आहे. ही गाठ सोडवायला हवी, आणि सुटलेला शिकवण्याचा भाग ड्युटी चार्टवर काम म्हणून लिहायला हवा. आज मी एवढंच मांडणार आहे, पण ते सिद्ध करायला थोडा वेळ घेईन.

पहिल्या अर्थापासून सुरुवात करू, आणि ती प्रसूतिकक्षातून करू. बाळ झालं आहे, वार पडली आहे, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं गेलं आहे. विद्यार्थिनीने पुस्तकात वाचलेलं असतं की आता गर्भाशय आकसून घट्ट लागलं पाहिजे. घट्ट म्हणजे किती घट्ट? पुस्तक सांगतं क्रिकेटच्या चेंडूइतकं. पण चेंडू हातात धरणं निराळं आणि पोटाच्या सैल कातडीखालून, बेंबीच्या आसपास, घामेजलेल्या बोटांनी तो चाचपणं निराळं. म्हणून जाणती सिस्टर तिचा हात धरून त्या जागी ठेवते आणि वरून आपला हात ठेवते. दाब किती द्यायचा, बोटं कुठे वळवायची, हे त्या वरच्या हातातून खालच्या हातात उतरतं. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तोच हात, तीच जागा. एखाद्या वेळी तिथे चेंडूऐवजी मळलेल्या कणकेसारखं मऊ काहीतरी लागतं, आणि वरचा हात लगेच चोळायला लागतो. त्या क्षणी विद्यार्थिनीला जे कळतं ते परीक्षेत दहा गुणांचं उत्तर लिहून कळलेलं नसतं. तीच गोष्ट रक्ताची. पाचशे मिलीलीटरपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो प्रसूतिपश्चात रक्तस्राव, ही व्याख्या पाठ असते. चादरीत मुरलेलं, पॅडमध्ये शोषलेलं, टेबलावरून खाली ठिबकलेलं रक्त मिळून पाचशे झालं की तीनशे, हे ओळखणारी नजर मात्र कुणाच्या तरी शेजारी उभं राहूनच तयार होते. व्यवसायातलं सगळंच ज्ञान असं आहे असं मी म्हणत नाही. औषधांच्या मात्रा पाठच करायच्या असतात, त्या स्पर्शाने कळत नाहीत. पण ज्या ज्ञानावर रात्री तीन वाजता रुग्णाचा जीव टांगलेला असतो, त्याचा मोठा हिस्सा हाताखालच्या हातातूनच येतो.

याला सिद्धान्ताचं बळ दिलं ते अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी, १९८४ सालच्या 'फ्रॉम नॉव्हिस टु एक्स्पर्ट' या पुस्तकातून. त्यांचा आधार होता बर्कलीचे ड्रायफस बंधू. एक तत्त्वज्ञ, दुसरे गणिती. त्यांनी वैमानिक आणि बुद्धिबळपटू कौशल्य कसं मिळवतात याचा अभ्यास केला होता. बेनर यांनी त्यांच्या पाच पायऱ्या परिचारिकांना लावून पाहिल्या: नवशिकी, थोडी सरावलेली, सक्षम, निपुण आणि तज्ज्ञ. नवशिकी नियमावर चालते. पाचशे मिलीलीटर सलाईन आठ तासांत द्यायचं, संचाचे वीस थेंब म्हणजे एक मिलीलीटर, तर मिनिटाला २१ थेंब. ती घड्याळ लावून २१ मोजते आणि समाधानाने पुढच्या खाटेकडे जाते. तज्ज्ञ परिचारिका थेंब पाहतेच, पण त्याच नजरेत रुग्णाचे फुगलेले पाय, उशीवर उंच टेकवलेलं डोकं आणि मघापेक्षा जोरात चाललेला श्वासही पाहते, आणि सलाईन हळू करून डॉक्टरांना फोन लावते. का, असं विचारलं तर कधी कधी तिलाही पटकन सांगता येत नाही. टीकाकारांनी इथेच बोट ठेवलं. अंतर्ज्ञान म्हणून जे मिरवता ते मोजता येत नाही, तपासता येत नाही, आणि 'मला आतून वाटलं' या सबबीखाली चुकाही झाकल्या जातात, असं ते म्हणतात. आक्षेप खोटा नाही. पण त्यावरचा उपाय मेंटॉरिंगच आहे, कारण शिकणाऱ्या माणसाने 'तुम्हाला कसं कळलं?' असं विचारल्यावरच तज्ज्ञेला आपल्या हाताने केलेलं तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगता सांगता ते तपासलंही जातं.

बेनर यांची आणखी एक गोष्ट आपण सोयीस्कर विसरतो. नोकरीची वर्षं म्हणजे अनुभव नव्हे, आणि एका विभागातली तज्ज्ञ दुसऱ्या विभागात गेली की पुन्हा नवशिकी होते, असं त्यांनी स्पष्ट मांडलं आहे. आपल्या बदल्यांच्या पद्धतीत याचा अर्थ काय होतो पाहा. अठरा वर्षं शस्त्रक्रिया विभागात काढलेली सिस्टर सोमवारी सकाळी नवजात अतिदक्षता विभागात रुजू होते. वॉर्डातल्या बाविशीतल्या मुलीला तिच्यापेक्षा जास्त येतं, पण ज्येष्ठतेच्या यादीत ती मुलगी तळाला. विचारायचं कुणी कुणाला? मेंटॉर म्हणजे वयाने मोठी आणि शिकणारी म्हणजे लहान, असं आपण धरून चालतो, म्हणून हा प्रश्न उभाच राहत नाही. उभा राहतो तो थेट इन्क्युबेटरपाशी, औषधाची मात्रा दशांश चिन्हाने चुकल्यावर.

शिकणं ही डोक्यातली गोष्ट कमी आणि एका कामकऱ्यांच्या समूहात हळूहळू शिरण्याची गोष्ट जास्त, असं जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये एका पुस्तकात मांडलं. परिचारिकांनी हे पुस्तक जवळचं मानायला हरकत नाही, कारण त्यातलं एक मुख्य उदाहरण मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या माया सुइणींचं आहे. तिथे सुइणीच्या घरातली मुलगी लहानपणी निरोप पोचवते, सामान आणून देते, मोठेपणी बाळंतिणीला मालिश करायला लागते, आणि मग एक दिवस बाळ तिच्या हातात येतं. वर्ग नाही, फळा नाही. आपल्याला हे समजायला मेक्सिकोला जायची गरज नाही. गाणं शिकणारा शिष्य मैफलीत गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसतो. आधी फक्त सूर धरतो, मग गुरूंनी मान वळवली की एखादी जागा भरतो, आणि वर्षांनी स्वतः पुढे बसतो. कडेवर बसून मध्यापर्यंत पोचण्याची ही वाट आहे, आणि कडेवर बसणाऱ्याला तिथे बसायचा हक्क आहे, हे सगळ्या मैफलीला मान्य असतं. आपल्या वॉर्डातल्या विद्यार्थ्याला हा हक्क नसतो. तो कुणाच्या ना कुणाच्या वाटेत उभा असतो. (घराण्यांनी चिजा लपवून ठेवल्या, हेही खरं. त्या भागाचं अनुकरण आपण न शिकवता केलं आहे.)

हातातून हातात गेलेल्या ज्ञानाचा सगळ्यात मोठा पुरावा मुंबईतच आहे. १९७३ च्या नोव्हेंबरात केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर हल्ला झाला. २०१५ च्या मे महिन्यात त्यांचं निधन झालं. मधली साडेएक्केचाळीस वर्षं त्यांना तिथल्या परिचारिकांनी सांभाळलं. २०११ मध्ये त्यांचं जीवन संपवू देण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क न्यायालयाने याच कर्मचाऱ्यांना दिला. इतकी वर्षं अंथरुणात काढूनही त्यांना शय्याव्रण नव्हते, हेही त्या वेळच्या नोंदींत आहे. त्या घटनेच्या दुःखाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे; मला इथे तिची कालगणना महत्त्वाची वाटते. शेवटच्या वर्षांत त्यांना भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या कित्येक परिचारिका १९७३ मध्ये जन्मलेल्याही नव्हत्या. दर दोन तासांनी कूस बदलावी, हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळतं. या एका रुग्णाला घास केवढा द्यायचा, खोलीत गर्दी झाली की त्या का अस्वस्थ होतात, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. पिढ्या निवृत्त होत गेल्या आणि हे ज्ञान पाळी बदलताना ओव्हर देता-घेता पुढे गेलं. यासाठी कुणाला मेंटॉर म्हणून नेमलं नव्हतं, असा मुद्दा कुणी काढील. बरोबर आहे, पण तिथे हुकमाचा अर्थही गळून पडलेला होता. त्या खाटेपाशी कुणी कुणाचं मूल्यमापन करत नव्हतं.

हुकमाचा अर्थ आपल्या व्यवसायात शिरला कुठून? फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात प्रशिक्षण शाळा निघाली. वॉर्डात, सिस्टरच्या हाताखाली शिकायचं, ही तिची थोर कल्पना. पण त्याच शाळेत प्रत्येक शिकाऊ मुलीचा एक मासिक तक्ता भरला जाई, आणि त्यात जखमा बांधणं, पोटिस लावणं यांच्या जोडीला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासार्हता, टापटीप यांचीही नोंद होई. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्या हाती मुलीचं भवितव्य होतं. त्या काळी त्याला कारण होतं. परिचारिकेच्या कामाला समाजात इतकी नाचक्की होती की चारित्र्याची हमी दिल्याशिवाय हा व्यवसाय उभाच राहिला नसता. कारण गेलं, तक्ता राहिला. आज विद्यार्थिनी लॉगबुक हातात धरून सहीसाठी ज्या सिस्टरच्या मागे फिरते, त्याच सिस्टरला 'मला हे येत नाही' असं कसं सांगणार? सही हवी असेल तर येत असल्याचं दाखवावं लागतं, आणि शिकायचं असेल तर येत नसल्याचं कबूल करावं लागतं. दोन्ही एकाच तोंडाने, एकाच माणसापुढे करायची सक्ती आपण करतो आणि मग मुली प्रश्न विचारत नाहीत म्हणून तक्रारही करतो.

उलट, हे दोन अर्थ वेगळे ठेवल्याचं उदाहरण आपल्या घरचं आहे. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापन झालं, आणि रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथल्या मुली ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या. त्यांत विधवा होत्या, आणि 'परक्या पुरुषाचं अंग पुसणार?' असं ऐकून आलेल्याही होत्या. शिकवणं आणि परीक्षा रुग्णालयाकडे. सेवासदनाने त्यांना राहायला जागा दिली, आणि पाठीशी उभं राहणारी माणसं दिली. पुढे १९८० च्या दशकात कॅथी क्रॅम यांनी मेंटॉरचं काम दोन भागांत मांडलं, एक करिअरचा आणि एक मनाच्या आधाराचा. यातला दुसरा भाग सेवासदनात सत्तर वर्षं आधी चालू होता, आणि तो गुण देणाऱ्यांच्या हातात नव्हता, हे लक्षात घ्या.

गाठ न सोडवल्याने काय होतं याची तपशीलवार नोंद ब्रिटनने करून ठेवली आहे. तिथल्या नियामक मंडळाने २००६ मध्ये आणि सुधारून २००८ मध्ये मेंटॉरची पद्धत काटेकोर बांधली. विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष कामाचा किमान चाळीस टक्के वेळ मेंटॉरच्या देखरेखीखाली जावा, असा नियम केला. आपल्याला हेवा वाटावा अशी ही तरतूद आहे. पण शिकवणारी तीच आणि पास-नापास ठरवणारीही तीच. याचा धोका त्याआधीच, २००३ मध्ये, स्कॉटलंडमधल्या कॅथलीन डफी यांच्या संशोधनाने दाखवला होता: विद्यार्थी कच्चा आहे हे दिसत असूनही मेंटॉर त्याला नापास करायला कचरतात. काळजी फार उशिरा बोलून दाखवली जाते, विद्यार्थ्याचं नुकसान डोळ्यांपुढे येतं, स्वतःच्या निर्णयावर भरवसा नसतो, आणि संशयाचा फायदा देऊन पुढे ढकललं जातं. अखेर २०१८ च्या नव्या मानकांत मेंटॉर हे पदच गेलं. शिकवणारी पर्यवेक्षक वेगळी, मूल्यमापन करणारी वेगळी, आणि एकाच विद्यार्थ्यासाठी या दोन्ही भूमिका एका व्यक्तीला देता येणार नाहीत, असं ठरलं. म्हणजे ममता आणि न्याय एकाच खुर्चीत बसवले तर दोन्ही बिघडतात, हे मान्य करायला एका श्रीमंत आरोग्यव्यवस्थेला पंधरा वर्षं लागली. आपण ती पंधरा वर्षं वाचवू शकतो.

हे सगळं साहेबाचं झालं, आपल्याकडे काय, असं कुणी म्हणेल. सोलापूर-अक्कलकोटची सीमा ओलांडली की कलबुर्गी. तिथे आणि बळ्ळारी जिल्ह्यात २०१२ च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये परिचारिका-मेंटॉरचा प्रयोग झाला, आणि तो शास्त्रीय चाचणीच्या पद्धतीने तपासला गेला. एकूण १०८ केंद्रं; निम्म्यांत मेंटॉर, निम्म्यांत नाही. या मेंटॉर स्वतः परिचारिका होत्या. ठरावीक काळाने त्या केंद्रावर येत, मुक्काम करत, प्रसूतीच्या वेळी स्टाफच्या शेजारी उभ्या राहत, केसशीट एकत्र भरत. त्या कुणाच्या वरिष्ठ नव्हत्या आणि त्यांच्याकडे कुणाचा गोपनीय अहवाल नव्हता. जिथे त्या गेल्या तिथल्या केंद्रांची तयारी, गुंतागुंत हाताळण्याचं परिचारिकांचं ज्ञान आणि केसशीटचा वापर, हे सगळं दुसऱ्या गटाहून सरस निघालं. मृत्यू कमी झाले, असा दावा त्या अभ्यासातून करता येत नाही, आणि मी तो करणार नाही. पण रक्तस्राव सुरू झाल्यावर काय करायचं हे माहीत असलेली परिचारिका आणि माहीत नसलेली परिचारिका यांत रुग्णाला कोणती हवी, याला संशोधनाची गरज नाही.

आता आक्षेप. सगळ्यात जुना आणि सगळ्यात लाडका असा: 'आम्हाला कुणी शिकवलं? रडत रडत शिकलो, म्हणून पक्के झालो.' या वाक्यातली खोट साक्षीदारांत आहे. जे टिकले तेच हे वाक्य म्हणू शकतात. जे पहिल्या वर्षात सोडून गेले, किंवा राहूनही आतून विझले, त्यांना या सभागृहात निमंत्रण नाही. मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये याला 'रिअॅलिटी शॉक' असं नाव दिलं: शाळेत शिकवलेली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या यांच्यातल्या दरीत नवी मुलगी पडते, आणि तिथून व्यवसाय सोडते. १९८६ मध्ये ज्युडिथ माइसनर यांनी तर परिचारिका आपल्याच पिल्लांना खातात का, असा जळजळीत प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला. ल्यू अॅन डार्लिंग यांनी वाईट मेंटॉरच्या तऱ्हा सांगितल्या आहेत: टाळणाऱ्या, कामात ढकलून देऊन बघत राहणाऱ्या, पुढे जाऊ न देणाऱ्या, आणि टोचून टोचून मोडून टाकणाऱ्या. ही यादी वाचताना प्रत्येकीला एखादा चेहरा आठवतो. स्वतःचा आठवणाऱ्या थोड्या.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा, आणि तो मी हलका लेखणार नाही. भोर समितीने १९४६ मध्ये हिशेब मांडला तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. त्यानंतर आपण खूप पुढे आलो, पण मानक आणि वॉर्ड यांतलं अंतर सगळ्यांना ठाऊक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. रात्रीच्या वेळी चाळीस खाटांच्या वॉर्डात एकटी उभी असलेली परिचारिका हे ऐकून हसेल, तेही वेळ असेल तर. अशा वॉर्डात शिकवायला वेळ कुठून आणायचा? माझं उत्तर असं की तो वेळ आजही जातोच. नवी मुलगी विचारतेच, चुकतेच, तिची चूक कुणीतरी निस्तरतंच. फक्त तो वेळ कुठेही लिहिलेला नाही, म्हणून तो फुकट धरला जातो, आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही त्या दोघी-तिघींच्याच वाट्याला येतो. त्यांचं डोकं दुखतं, पण हिशेबात काही दिसत नाही. न लिहिलेल्या कामासाठी पद मागता येत नाही. मेंटॉरिंग चार्टवर आलं, तर मनुष्यबळाच्या मागणीला आणखी एक ठोस आकडा मिळेल. याच्या उलटही खरं आहे, आणि ते स्वच्छ सांगते: वेळ न देता नुसता आदेश निघाला, तर मेंटॉरिंगचं आणखी एक रजिस्टर तयार होईल, ते महिन्याच्या अखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलं जाईल, आणि तपासणीत उत्तम शेरा मिळवेल. त्यापेक्षा काही न केलेलं बरं.

तिसरा आक्षेप: तयार केलेल्या मुली बाहेर जातात. आखाती देश, ब्रिटन. आणि २०२४ मध्ये तर आपल्या राज्य सरकारनेच जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. मग आपण कष्ट कशाला घ्यायचे? क्रॅम यांनी मेंटॉरच्या नात्याचे चार टप्पे सांगितले आहेत: जुळणं, बहरणं, वेगळं होणं आणि नव्या नात्याने पुन्हा भेटणं. वेगळं होणं हा त्या नात्याचा शेवट नाही, ते मध्यावर येणारं वळण आहे. आणि ज्या जातात त्यांना पगाराइतकंच तिथे एक गोष्ट ओढते: पहिले काही महिने कुणीतरी शेजारी उभं असतं, आणि 'येत नाही' म्हणण्याची मुभा असते. ही एवढी गोष्ट इथे मिळाली तर सगळ्या थांबतील असं नाही. काही थांबतील.

आपल्या या परिषदेपुढे जो मसुदा ठेवला आहे त्यात चार मुद्दे आहेत. पहिला, ड्युटी चार्टवर सकाळ, दुपार, रात्र आणि सुट्टीच्या खुणांसोबत शिकवण्याच्या तासांची वेगळी खूण असावी, आणि त्या तासांत त्या परिचारिकेच्या खाटा दुसरीकडे वाटलेल्या असाव्यात. दुसरा, विभाग बदलून आलेल्या प्रत्येकीला, तिची नोकरी पाच वर्षांची असो की पंचवीस वर्षांची, त्या विभागातली मेंटॉर मिळावी, आणि ती वयाने लहान असली तरी चालेल. तिसरा, मेंटॉरने लॉगबुकवर गुणांची सही करू नये आणि गोपनीय अहवालात तिचं मत मागू नये. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये केला आहे. नियम घडताना या तीन गोष्टी तिथे पोचवता येतील. चौथ्या मुद्द्यावर मसुदा समितीत मतभेद आहेत, आणि माझंही मन पक्कं नाही. मेंटॉरपुढे शिकणारीने मोकळेपणी सांगितलेली चूक, जर रुग्णाच्या जिवावर बेतणारी असेल, तर मेंटॉरने ती वर कळवायची की नाही? कळवली तर उद्या कुणी काही सांगणार नाही. न कळवली तर आपण खाटेवरच्या माणसाला दगा देतो. चूक कळवावी पण नाव न देता, ती माणसाची म्हणून न नोंदवता वॉर्डाची म्हणून नोंदवावी, असा एक मधला मार्ग मसुद्यात सुचवला आहे. ज्या वॉर्डात रात्री एकच परिचारिका असते तिथे नाव न देण्याला काय अर्थ उरतो, हे तिथे लिहिलेलं नाही. जेवणानंतरच्या सत्राचा बहुतेक वेळ या चौथ्या मुद्द्याला द्यावा, अशी माझी सूचना आहे, आणि त्या चर्चेत पहिले बोलायला मागच्या रांगांतल्या विद्यार्थ्यांना बोलवावं.